महिना चुकला म्हणजे नेमके काय चुकले?

“पाळी लांबली आहे, काय करावे?” हा प्रश्न साक्री तालुक्यातील वाचक भगिनींकडून वर्षभर येत असतो; परंतु तो इतक्या सरळ शब्दांत क्वचितच विचारला जातो. कोणी अंगातल्या उष्णतेपासून आरंभ करते, कोणी रक्त कमी झाल्याची तक्रार पुढे करते, आणि कोणी बरोबर आलेली सासू पाणी प्यायला बाहेर गेली, की अहिराणीत हळूच “महिना उना नही” एवढेच सांगून पदराशी चाळा करीत बसते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून, खटले सोसून, शरीराविषयीच्या प्रश्नांना उघड उत्तरे दिली. त्यानंतर इतकी वर्षे लोटली तरी हा एक प्रश्न अजून कुजबुजूनच विचारावा लागतो. म्हणून तो येथे उघडपणे, क्रमाक्रमाने घेतो.

आधी तारीख, मग चिंता

पाळी ‘उशिरा’ आली असे म्हणण्यापूर्वी ती कोणत्या दिवशी यायला हवी होती याचा हिशेब आपल्यापाशी हवा, आणि बहुतेक घोटाळा येथेच असतो. पुष्कळ स्त्रिया “दर महिन्याच्या पाच तारखेला” अशी खूण मनाशी धरतात, काही जणी “अमावास्येच्या आसपास” असे तिथीवर मोजतात. परंतु शरीराला ना इंग्रजी तारीख ठाऊक, ना तिथी. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे दिवस मोजावयाचे, एवढाच खरा हिशेब. प्रौढ स्त्रीत हे अंतर २१ पासून ३५ दिवसांपर्यंत असले, तर त्यात काही वावगे नाही. नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींत ते ४५ दिवसांपर्यंत गेले, तरी पहिली दोन-तीन वर्षे त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. जिचे अंतर ३४ दिवसांचे आहे, तिची पाळी तारखेने पाहता दर खेपेस तीन-चार दिवस ‘लांबतच’ जाणार. ती उशिरा येत नाही, तिला उगाच उशिराचा ठपका मिळतो.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, जेथे दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख लिहिलेली असते, तेथेच पाळीच्या पहिल्या दिवशी पेन्सिलीने एक लहानसा ठिपका द्यावा. कोणी विचारणार नाही. विचारलेच, तर दूधवाल्याचा खाडा म्हणून सांगावे. असे सहा ठिपके जमले, की वैद्यकीय दृष्ट्या तो एक उत्तम दस्तऐवज होतो.

उशीर नेमका कोठे होतो

निर्णयापुरते शास्त्र एवढेच. बीजकोशातून बीज सुटल्यावर गर्भ राहिला नाही, तर साधारणतः दोन आठवड्यांनी पाळी येते, आणि हे दोन आठवडे फारसे हलत नाहीत. हलतो तो त्यापूर्वीचा काळ, म्हणजे पाळीपासून बीज सुटेपर्यंतचा. तात्पर्य, गर्भधारणा नसताना पाळी लांबते तेव्हा बहुधा बीजच उशिरा सुटलेले असते, किंवा सुटलेलेच नसते. म्हणून कारण शोधावयाचे ते काल-परवाच्या दिवसांत नव्हे, तर तीन-चार आठवड्यांमागे.

समजा, एखादीचे अंतर ३० दिवसांचे आहे. म्हणजे तिचे बीज सोळाव्या दिवसाच्या सुमारास सुटते. दहाव्या दिवशी तिला डेंग्यूचा ताप भरला आणि बीज अठ्ठाविसाव्या दिवशी सुटले, तर पाळी बेचाळिसाव्या दिवशी येईल. ती बारा दिवस लांबली तेव्हा ताप कधीच उतरलेला असतो, आणि बिचारी आदल्या दिवशी खाल्लेल्या दह्याला दोष देत असते. बारावीच्या परीक्षेचा ताण, घरातला मृत्यू, कांदा काढणीच्या दिवसांतले अपुरे जेवण आणि अपुरी झोप, चैत्रात सप्तशृंगगडापर्यंतची पायी वाट, किंवा मुक्काम हलवून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणे, या साऱ्यांचे खाते असेच मागच्या तारखेला पडलेले असते. अशा एखाद्या खेपेच्या उशिराला इलाजाची गरज नसते. पुढची पाळी बहुधा आपल्या जागी येते.

पहिला विचार गर्भधारणेचाच

शरीरसंबंध आलेला असेल, तर वय, शस्त्रक्रिया, “आम्ही काळजी घेतो” हे सर्व बाजूस ठेवून प्रथम लघवीची तपासणी करावी. नसबंदी झाली असली किंवा तांबी बसवलेली असली, तरीही करावी. शक्यता अल्प असते, शून्य नसते. सरकारी ‘निश्चय’ किट आशाताईंकडे विनामूल्य मिळते. औषधाच्या दुकानातही अशी किट असतात, आणि ती घेण्यासाठी चिठ्ठी लागत नाही.

• पाळी चुकल्याच्या दिवसापासून तपासणी करता येते. आठवडाभर थांबल्यास निकाल अधिक भरवशाचा.
• सकाळची पहिली लघवी घ्यावी, आणि पाकिटावर लिहिलेल्या मुदतीतच, बहुधा पाच मिनिटांत, पट्टी वाचावी. तासाभराने उमटलेल्या फिकट रेषेवर विश्वास ठेवू नये.
• दोन रेषा म्हणजे गर्भ आहे. ‘सी’ या अक्षरापाशी एकच रेषा म्हणजे नाही. ‘सी’पाशी रेषाच नसेल तर पट्टी बाद, दुसरी घ्यावी.
• ‘नाही’ असा निकाल आला आणि पाळीही आली नाही, तर सात दिवसांनी पुन्हा तपासावे. बीज उशिरा सुटले असल्यास पहिली तपासणी फसते.

येथे एका गैरसमजाकडे मुद्दाम वळतो, कारण त्याने घरे मोडण्याची वेळ आलेली आम्ही पाहिली आहे. खानदेशातील कितीतरी पुरुष पोटासाठी सुरतेस असतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी घरी येतात. समजा, एका भगिनीची पाळी ३ जूनला आली, पती १५ जूनला चार दिवसांसाठी घरी आला, आणि ८ जुलैला तपासणीत गर्भ असल्याचे कळले. कागदावर डॉक्टर ‘पाच आठवडे’ असे लिहितात. घरातली जाणती मंडळी बोटांवर मोजतात, पतीला येऊन तर साडेतीनही आठवडे झालेले नाहीत, आणि मग जे सुरू होते ते येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. वास्तविक वैद्यकशास्त्र गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजते; म्हणजे गर्भ राहण्यापूर्वीचे सुमारे दोन आठवडे त्या आकड्यात आधीच धरलेले असतात. ३ जूनपासून ८ जुलैपर्यंत ३५ दिवस, पाच आठवडे. आणि गर्भ राहिला तो १७ जूनच्या सुमारास. हिशेब तंतोतंत जुळतो. हे दोन आठवडे प्रत्येक गर्भवतीच्या कागदावर जास्तीचे असतात, एवढे घरातील एका तरी माणसास आधी सांगून ठेवावे.

त्वरा केव्हा करावी

पाळी चुकलेली आहे, ओटीपोटात, विशेषतः एका बाजूस, तीव्र कळ येते, थोडा रक्तस्राव होतो, घेरी येते किंवा खांद्यात दुखते, अशी लक्षणे असतील, तर गर्भ गर्भाशयात नव्हे, तर बीजवाहक नलिकेत राहिलेला असण्याची शक्यता असते आणि नलिका फुटल्यास पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत जीव धोक्यात येतो. अशा वेळी उद्याची वाट पाहू नये, पोट शेकू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शेवटची पाळी फार ‘कमी गेली’ असेल, तर तीही खरी पाळी होती की गर्भावस्थेतला स्राव, याचा संशय डॉक्टरांना अवश्य सांगावा.

गर्भ नाही, तर मग काय?

बाळंतपण आणि अंगावरचे दूध. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, रात्रंदिवस केवळ अंगावरच पीत असेल आणि पाळी परतलेली नसेल, तर पाळी न येणे स्वाभाविक आहे आणि गर्भधारणेची शक्यताही फार थोडी असते. या तीन अटींपैकी एक जरी सुटली, तरी हे संरक्षण संपले. पाळी परतण्यापूर्वी बीज सुटते, हे विसरल्यामुळे मधली एकही पाळी न पाहता दुसऱ्यांदा दिवस गेलेल्या माता आमच्या भागात काही थोड्या नाहीत.

गर्भनिरोधक साधने. सरकारी दवाखान्यात मिळणारे ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घेतात. त्याने पाळी अनियमित होणे, पुढे ती बंदच होणे, हा त्या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे. रक्त आत साचत नाही; गर्भाशयाचे अस्तरच पातळ राहते, म्हणून बाहेर पडण्यासारखे काही नसते. इंजेक्शन थांबवल्यावर गर्भधारणेस शेवटच्या मात्रेपासून सात ते दहा महिने लागू शकतात. ‘छाया’ ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घेतात. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत ती तयार झाली. तिनेही पाळी लांबते, विशेषतः सुरुवातीस. परंतु १५ दिवसांहून अधिक लांबल्यास गर्भाची तपासणी करावी. संबंधानंतर तातडीने घ्यावयाच्या गोळीने त्या खेपेची पाळी आठवडाभर मागे-पुढे होऊ शकते.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, आणि त्याआधीच्या आठवड्यात औषधाच्या दुकानांत या गोळ्यांना किती मागणी असते, हे दुकानदारांस विचारावे. देवाच्या दारी पाळीचा विटाळ मानावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. माझे मत विचाराल, तर रोटांचे पीठ मळणाऱ्या हातांना रसायनांची अट घालणारी देवी मी ओळखत नाही. घ्यावयाच्याच असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असल्यास, यकृताचा किंवा स्तनाच्या कर्करोगाचा विकार असल्यास, किंवा गर्भाचा संशय असल्यास घेऊ नयेत. गोळी थांबवल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवड्याभरात न आल्यास पुन्हा पट्टीवर यावे.

बीजकोशाचा विकार, ज्यास सर्वत्र ‘पीसीओडी’ म्हणतात. यात बीज वेळेवर सुटत नाही. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते, वजन वाढते, हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमे जात नाहीत. केवळ सोनोग्राफीत ‘गाठी’ दिसल्या म्हणून हे निदान होत नाही. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची लक्षणे आणि सोनोग्राफीतील चित्र, या तिहींपैकी निदान दोन गोष्टी हव्यात, आणि किशोरवयात तर सोनोग्राफीवरून निदान करूच नये. सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती सोनोग्राफीचा कागद देऊन तिला जन्मभराची रोगी ठरवणे हा शुद्ध अन्याय आहे. वजन अधिक असेल, तर त्यातले पाच ते दहा टक्के घटल्यावर पुष्कळ जणींची पाळी मार्गावर येते. मात्र हा विकार असून तीन-तीन महिने पाळी येत नसेल, तर स्वस्थ बसू नये. अस्तर जाड होत जाऊन पुढे अपाय संभवतो, आणि ते पाडण्याची तजवीज साध्या गोळ्यांनी करता येते.

थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि औषधे. थायरॉइड मंदावल्याने पाळी बिघडते. रक्ताच्या एका तपासणीत ते कळते. बाळ नसताना स्तनांतून दूध येणे, डोकेदुखी, नजर आक्रसणे, ही प्रोलॅक्टिन वाढल्याची चिन्हे असू शकतात. मानसिक विकारांवरील काही औषधे आणि ओकारी थांबवणाऱ्या काही गोळ्याही हेच करतात; म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घेऊन जावीत. औषध आपल्या मनाने बंद करू नये.

क्षय आणि सिकलसेल. आपल्या देशात गर्भाशयाच्या अस्तरास क्षय होऊन पाळी कमी होत जाते व थांबते, असे घडते. खोकला असलाच पाहिजे असे नाही. पिंपळनेर, दहिवेलच्या पट्ट्यातील आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार आढळतो, आणि तो असलेल्या मुलींना पाळी उशिराने सुरू होते. या मुलींची पाळी ‘बांधली’ म्हणून भगताकडे नेण्यापेक्षा सिकलसेलची रक्ततपासणी आरोग्य केंद्रात करून घ्यावी. ती विनामूल्य होते.

वय. पंचेचाळिशीनंतर पाळ्या लांबत जाऊन बंद होणे हा निसर्गक्रम आहे. चाळिशीच्या आत पाळी थांबली आणि अंगातून वाफा निघू लागल्या, तर तपासणी हवी. आणि एक वर्ष पाळी बंद राहिल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ती ‘लांबलेली पाळी’ समजू नये. कर्करोग नाही ना, हे त्याच आठवड्यात पाहून घ्यावे.

अंगात रक्त कमी आहे म्हणून पाळी येत नाही, हा समज मात्र बहुधा उलटा असतो. पाळी जास्त गेल्याने रक्त कमी होते. रक्त कमी असल्याने पाळी थांबत नाही. उपासमार आणि अतिशय घटलेले वजन मात्र ती थांबवू शकते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

• पाळी नियमित होती आणि आता तीन महिने आलेली नाही. किंवा मुळातच अनियमित असून सहा महिने आलेली नाही.
• मुलीला १५ वर्षे पूर्ण झाली तरी पाळी सुरू नाही, किंवा १३ व्या वर्षीही छातीची वाढ नाही. दर महिन्यास पोट दुखते पण रक्त दिसत नाही, अशा मुलीस तर ताबडतोब दाखवावे. मार्ग पडद्याने बंद असण्याचा संभव असतो आणि लहानशा शस्त्रक्रियेने तो मोकळा होतो.
• आवाज घोगरा होणे, केस झपाट्याने वाढणे, दूध येणे, यांपैकी काही असल्यास मुदत न मोजता.

साक्री आणि पिंपळनेर येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. पुढच्या तपासणीसाठी धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाचे सल्ला केंद्र असते; कोठे व कोणत्या वारी, हे आशाताईंना विचारावे.

पाळी ‘आणण्या’चे उपाय

कच्ची पपई, गूळ-तीळ, हुलग्याचे कढण हे जेवणात असले तर हरकत नाही. त्यांनी लांबलेली पाळी येत नाही आणि गर्भ असल्यास तोही पडत नाही. दुकानातून “पाळी यायची गोळी” मागून घेणे मात्र वाईट. गर्भ नसेल, तर त्या गोळीनंतर रक्त दिसते पण मूळ कारण झाकले जाते; गर्भ असेल, तर त्याला संप्रेरकाची मात्रा विनाकारण मिळते. अशाच हेतूने सर्रास वापरली जाणारी जबर मात्रेची औषधे ऐंशीच्या दशकात स्त्री-संघटनांच्या झगड्यानंतर बंद करावी लागली होती. गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरांवाचून घेणे त्याहून घातक. गर्भ नलिकेत असेल, तर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि वेळ मात्र निघून जातो.

आपले हक्क

गर्भ राहिला आहे आणि तो नको आहे, अशा स्त्रीस १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने मार्ग दिलेला आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने तो रुंद केला आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत कायद्यातील ठराविक परिस्थितींसाठी दोघांचे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची एकटीची संमती पुरेशी आहे. पतीची सही मागण्यास कायद्यात आधार नाही. अविवाहितेसही २४ आठवड्यांची ही मुभा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले. तिचे नाव गुप्त राखणे हे डॉक्टरांवर बंधन आहे. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत पालकाची संमती लागते आणि पोलिसांना खबर द्यावी लागते, पण मुलीने व पालकाने विनंती केल्यास त्या खबरीत तिचे नाव उघड करण्याची सक्ती डॉक्टरवर नाही, हेही त्याच निकालात आहे.

अविवाहित मुलीने अंतर्गत तपासणीस नकार दिला, तर तो मान्य करावा लागतो. तपासणीच्या वेळी स्त्री परिचारिका किंवा आपल्या घरची बाई जवळ असावी, असे म्हणता येते. केलेल्या प्रत्येक तपासणीचा कागद आपला आहे. तो मागून घ्यावा.

आणि पाळीच्या तक्रारीवर कोणी थेट “पिशवी काढून टाका” असे सांगितले, तर त्या दिवशी कोणत्याही कागदावर सही करू नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने केली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. लांबलेली पाळी हे गर्भाशय काढण्याचे कारण होत नाही. दुसऱ्या डॉक्टरांची, शक्यतो सरकारी रुग्णालयातली, मसलत घ्यावी.

जाताना बरोबर काय न्यावे

शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा, चालू औषधे, जुने कागद, आधार कार्ड. पोटावरून सोनोग्राफी व्हावयाची असेल, तर मूत्राशय भरलेले लागते. दहिवेल किंवा निजामपूरकडून येणाऱ्या भगिनी एस.टी.तून उतरताच स्थानकावर मोकळ्या होतात, आणि मग रुग्णालयाच्या बाकावर पाण्याच्या दोन बाटल्या संपवीत दीड-दोन तास बसून राहतात, तोवर परतीची गाडी निघून जाते. उतरल्यावर तेवढा वेळ धीर धरावा, आणि पाण्याची बाटली गाडीतच संपवून यावी.